सावलीला जाण्याची मुभा

जालन्याच्या बाजार समितीत २०१८ साली रेशीम कोषांची खरेदी सुरू झाली. तोवर इथला शेतकरी कोषांची पोती घेऊन थेट कर्नाटकात, रामनगरला जात असे. कापूस-सोयाबीनच्या भावाला कंटाळलेल्या कुणी कुणी एकरभर तुती लावली, शेड उभारली आणि महिन्याकाठी पैसा देणारे पीक म्हणून अळ्या पाळायला घेतल्या. एप्रिल लागला की या शेडमध्ये धांदल उडते. बाजूच्या जाळीला भिजवलेली बारदाने टांगायची, पत्र्यावर पाचट नाहीतर तुराट्या पसरून वरून पाणी सोडायचे, तापमापीकडे तासातासाला बघायचे. अळी लहान असताना तिला २७-२८ अंश लागतात, मोठी झाली की २५च्या आसपास. बाहेर ४२. बरेच जण मे महिन्याची बॅच घेतच नाहीत. अंडीपुंजांचे पैसे, पाला, मजुरी सगळे घालून शेवटच्या आठवड्यात अळ्यांनी मान टाकलेली बघण्यापेक्षा शेड रिकामी बरी.

अळीला स्वतःचे असे तापमान नसते. शेड तापली की ती तापते, शेड निवली की निवते. रानातली अळी निदान पानाच्या पाठीमागे सरकते, सावलीची फांदी धरते. रेशमाची अळी तेही फारसे करत नाही. सुमारे पाच हजार वर्षे माणसाच्या हातून खाऊन तिची हिंडायची खोडच गेली. पाला वीतभर लांब पडला तर ती त्याच्यामागे जाईलच असे नाही, आणि तिचा पतंग झाला तरी त्याला उडता येत नाही. पण याच अळीच्या अंगात दुसरा एक कारभार चोख चालतो. तिच्या रक्तात ट्रेहॅलोज नावाची साखर असते. जपानी शास्त्रज्ञांनी तिच्या मेंदूतून एक संप्रेरक वेगळे काढले आणि १९८४ साली त्याच्या रचनेचा एक भाग जुळवून पाहिला, तर ते आपल्या इन्शुलिनचे भावंड निघाले. पुढे त्याला बॉम्बिक्सिन हे नाव मिळाले, आणि ते टोचले की अळीची साखर उतरते हेही दिसून आले. माणूस आणि अळी यांच्या वाटा पन्नास कोटींहून अधिक वर्षांपूर्वी वेगळ्या झाल्या. ही युक्ती त्याच्याही आधीची असणार.

म्हणजे जालन्याच्या शेडमधल्या या जिवाची साखर त्याच्या स्वतःच्या ताब्यात आणि तापमान शेडवाल्याच्या ताब्यात. ही वाटणी मला महत्त्वाची वाटते, कारण शरीराबद्दल बोलताना आपण ती हमखास विसरतो. शाळेच्या पुस्तकात नियमन म्हणजे हायपोथॅलॅमस, यकृत, स्वादुपिंड, घर्मग्रंथी. सगळे कातडीच्या आतले. माझे म्हणणे असे की उष्ण रक्ताच्या प्राण्यांतही नियमनाचा मोठा हिस्सा कातडीच्या बाहेर असतो. पाणी, सावली, थांबायची मुभा, चालायची मुभा. हा बाहेरचा हिस्सा काढून घेतला की आतला काही काळ एकट्याने ओझे ओढतो आणि मग बसतो. आणि काढून घेणारा बहुतेक वेळा कुणीतरी मालक असतो.

क्लोद बर्नार या फ्रेंच शरीरशास्त्रज्ञाच्या काळी अशी समजूत होती की प्राण्याच्या अंगातली साखर खाण्यातूनच येते. त्याने नुसत्या मांसावर ठेवलेल्या कुत्र्याच्या यकृतातून बाहेर पडणारे रक्त तपासले, तर त्यात साखर होती. यकृत साखर बनवते, साठवते आणि लागेल तशी सोडते, हे त्यातून पुढे आले. १८५७मध्ये त्याने त्या साठ्यातला ग्लायकोजेन वेगळाच काढून दाखवला. पुढे त्याने मांडले ते असे की बाहेर काहीही चालो, पेशींच्या भोवतीचा द्रव एकसारखा राहतो, आणि हे स्थैर्य आहे म्हणूनच प्राण्याला मोकळे जगता येते. अमेरिकेच्या वॉल्टर कॅनन यांनी १९२६मध्ये या स्थैर्याला होमिओस्टॅसिस हे नाव दिले. बर्नारचे म्हणणे खोटे नाही. हिवाळ्याच्या सकाळी सरडा ऊन खात बसलेला असतो, तेव्हा चिमणी दाणे टिपून मोकळी झालेली असते. पण मराठवाड्यात उन्हाळे काढलेल्या माणसाला त्याची उलट बाजूही दिसते. स्थैर्यामुळे मोकळीक मिळते हे जितके खरे, तितकेच मोकळीक असेल तरच स्थैर्य टिकते हेही खरे.

उंटाचे उदाहरण घेऊ. क्नूट श्मिट-नील्सन यांनी १९५०च्या दशकात अल्जीरियाच्या वाळवंटात उंटांची तापमाने मोजली. रोज पाणी मिळणाऱ्या उंटाचे अंग दिवसभरात दोनेक अंशच वरखाली होई. पाणी तोडले की तेच अंग पहाटे ३४ पर्यंत उतरे आणि दुपारी ४१च्या घरात जाई. घामावाटे पाणी घालवण्यापेक्षा अंग तापू देणे त्याला परवडते. म्हणजे स्थिर तापमान उंटाला जन्मतः मिळालेले नाही, ते त्याला पाणी मोजून विकत घ्यावे लागते. पाणी नसेल तर तो ते विकत घेणे थांबवतो. आपल्याकडची जनावरे आणि माणसे यांना ही सवलत नाही. आपले अंग ४०च्या वर गेले की डोके काम करेनासे होते.

आता जालन्याची दुपार. माणसाच्या कातडीचे तापमान ३५च्या आसपास, हवेचे ४२. अशा वेळी वारा सुटला तरी तो उष्णता नेत नाही, आणून टाकतो. अंगातली उष्णता बाहेर जायला एकच दार उरते, ते म्हणजे घाम वाळणे. एक लिटर घाम अंगावर वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता जाते. आपली हवा कोरडी म्हणून हे दार सताड उघडे असते. जालन्यात कूलर काम करतो आणि मुंबईत करत नाही, त्याचे कारण हेच. पण हे दार पाण्यावर चालते. जिथे टँकर आठवड्याने येतो तिथे ते किती उघडे ठेवायचे, हे हायपोथॅलॅमस ठरवत नाही.

म्हशीला तर हे दारही पुरते मिळालेले नाही. काळी कातडी, विरळ केस, आणि घर्मग्रंथी गाईच्या मानाने कितीतरी कमी. म्हणून ती डबके शोधते. चिखलाचा थर पाण्यापेक्षा सावकाश वाळतो, आणि जितका वेळ तो ओला राहतो तितका वेळ पाठ थंड राहते. डोहात नाकपुड्या वर ठेवून बसलेल्या म्हशीला आपण आळशी म्हणतो. ती तिचे घाम गाळण्याचे काम नदीकडून करून घेत असते. दुधना, कुंडलिका यांचे पात्र फेब्रुवारीतच कोरडे पडू लागले, गावतळी गाळाने भरली, आणि म्हैस दाव्याला आली. २०१२-१३च्या दुष्काळात जालना जिल्ह्याला चारा छावण्यांनी जगवले, यात शंका नाही. पण छावणीचा हिशेब किलोत आणि लिटरमध्ये होता. म्हशीला वैरण मिळाली, प्यायला टँकरचे पाणी मिळाले. तिच्या शरीराचा जो भाग डोहात होता तो कुणाच्या कागदावर नव्हता.

संकरित गाईची गोष्ट जास्त गुंतागुंतीची आहे, आणि तापमान व साखर यांची गाठ कुठे पडते ते तिथेच नीट दिसते. होल्स्टीन फ्रिजियन हे रक्त मूळचे नेदरलँड्स आणि उत्तर जर्मनीच्या किनाऱ्यावरचे. पंचविशीच्या पुढे तापमान गेले की तिला जड जायला लागते. आपल्या लाल कंधारी किंवा देवणी गाईला सैल कातडी, लोंबती पोळी आणि चांगला घाम यांचा आधार असतो. हिला तो कमी, आणि दुधाचे ओझे दुप्पट-चौपट. दुधातली साखर, म्हणजे लॅक्टोज, ग्लुकोजपासून बनते. लिटरभर दुधामागे साधारण ७० ग्रॅम ग्लुकोज खर्ची पडते. वीस लिटर देणारी गाय रोज जवळपास दीड किलो ग्लुकोज कासेत ओतते. तुलनेसाठी सांगतो, तुमच्या-माझ्या सगळ्या रक्तात मिळून एका वेळी चहाचा एक चमचा भरेल इतकीच साखर असते.

आणि गंमत अशी की गाईला चाऱ्यातून ग्लुकोज जवळजवळ मिळतच नाही. पोटातले जंतू ते आधीच फस्त करतात आणि तिच्यासाठी आम्ले सोडतात. त्यातल्या प्रोपिऑनिक आम्लापासून तिचे यकृत ग्लुकोज घडवते. तिच्या रक्तातली साखर शंभर मिलिलिटरला ५० ते ७० मिलिग्रॅम असली तरी ती ठणठणीत असते. माणसाची ५०वर आली तर हातपाय थरथरू लागतील. व्याल्यानंतरच्या दिवसांत दूध एकदम वाढते, यकृत पुरे पडत नाही आणि गाय कितनबाधेत, म्हणजे किटोसिसमध्ये, जाते. ही झाली थंडीतली गाय.

उन्हाळ्यात ती आधी चारा कमी करते. रवंथ करणाऱ्या पोटात आंबवण्याचे काम चालते, त्यातून उष्णता निघते. अंग तापलेले असताना आणखी भट्टी पेटवायची नाही, एवढे तिला कळते. दूध घटते ते कमी खाल्ल्यामुळे, असे आपण धरून चालतो. अमेरिकेतल्या संशोधकांनी तापलेल्या गाई जितके खातात तितकेच मोजून गारव्यातल्या गाईंना दिले. दूध दोन्हीकडे घटले, पण उन्हातल्या गाईंचे बरेच जास्त. कमी खाणे हे घटीचे निम्म्याच्या आसपासच कारण निघाले. उपाशी जनावर एरवी अंगातली चरबी वितळवते आणि साखर कासेसाठी राखते. त्यासाठी इन्शुलिन खाली यावे लागते. तापलेल्या गाईत ते खाली येत नाही, उलट चढते. चरबी कुलपातच राहते, शरीर साखर जाळू लागते आणि कासेला जायची साखर वाटेत संपते. म्हणजे उष्णता सांभाळण्याचा खर्च साखरेच्या खात्यातून भागवला जातो. शरीरशास्त्राच्या पुस्तकात ही दोन प्रकरणे वेगवेगळी असतात. गाईच्या अंगात एकच वही आहे.

माणसाच्या साखरेलाही असाच बाहेरचा हिस्सा आहे, फक्त तो सावलीचा नसून चालीचा आहे. आकुंचन पावणारा स्नायू इन्शुलिनची वाट न बघता रक्तातली साखर आत घेतो. अमेरिका खंडात फुलांचा मध पिऊन जगणारी एक वटवाघळाची जात आहे. मध प्याल्यावर तिची साखर माणसाच्या डॉक्टरला घाम फुटावा इतकी चढते, आणि ती उतरते किती हे ती त्यानंतर किती उडाली यावर ठरते. कमी उडणाऱ्या वटवाघळाची साखर चढलेलीच राहते. गोड खाण्यावर जगण्याची तिची सगळी मदार पंखांवर आहे.

इथे लगेच कुणी म्हणेल, पूर्वी लोक औतामागे चालत, म्हणून मधुमेह नव्हता. इतके सोपे ते नाही, आणि जुन्या कष्टांचे गोडवे गाणाऱ्यांचा मला थोडा रागही येतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून पुण्याजवळच्या खेड्यांतल्या गरोदर बायका आणि त्यांची मुले यांचा अभ्यास केला. तिथल्या बाळांचे जन्मवजन सरासरी २.७ किलो, इंग्लंडमधल्या साउथॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो. पण वजन एवढे कमी असूनही कातडीखालची चरबी त्या मानाने फारशी कमी नव्हती; कमी पडले होते ते स्नायू आणि अवयव. पुढे मधुमेहाकडे झुकणारी बांधणी पोटात असतानाच सुरू झाली होती, आणि ती घडवणारी आई शेतात राबणारी, अपुरे खाणारी बाई होती. चालणे तिला भरपूर होते, मुभा नव्हती. सातव्या महिन्यात खुरपणीला न जाण्याची मुभा, दूध-अंडे पोटभर खाण्याची मुभा. आत जे कायमचे ठरून गेले, त्याचा निर्णय बाहेर कुणीतरी घेतला होता. मधुमेह हा खाऊन-पिऊन सुखी माणसाचा रोग, हे वाक्य म्हणूनच आता मोडीत काढायला हवे.

मराठवाड्यातल्या खेड्यात या दोन नियमनांची भेट आणखी एका ठिकाणी होते: माठात. इन्शुलिनची न फोडलेली बाटली २ ते ८ अंशांत ठेवायची असते; वापरात काढलेली बहुतेक इन्शुलिने महिनाभर बाहेर चालतात, पण पारा ३०च्या आत हवा. पत्र्याच्या घरात एप्रिलमध्ये ३० कुठून आणायचे? फ्रीज असला तर वीज नसते. मग बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून पाण्याच्या माठात तरंगत ठेवतात, किंवा एका माठात दुसरे मडके ठेवून मधली वाळू ओली करतात. सच्छिद्र मातीतून पाणी झिरपते, बाहेर वाळते आणि आतले सगळे निवते. घामाने जे अंगाचे होते तेच. ज्याची साखर हे औषध सांभाळते, त्या म्हाताऱ्याचा स्वतःचा घाम मात्र जुन्या मधुमेहाने मंदावलेला असू शकतो, कारण घर्मग्रंथींना सांगावा नेणाऱ्या नसा या रोगात खराब होतात. उन्हात तो इतरांच्या आधी कोसळतो. माळवदाच्या जाड मातीच्या घरात त्याला दुपार काढता येत असे. गळती आणि दुरुस्तीला कंटाळून मुलांनी माळवद उतरवले आणि पत्रे टाकले. त्यांचेही चुकले म्हणवत नाही. पण घराने उचललेला भार तेव्हापासून म्हाताऱ्याच्या हृदयावर आला.

आता त्या शब्दाकडे येतो ज्याच्यासाठी हा सगळा लेख: सवय. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार वितळवून लोखंडी सळया बनवणारे कारखाने आहेत. भट्टीतले वितळलेले पोलाद सुमारे १,६०० अंशांवर असते. मेमधल्या दुपारी त्या तोंडाशी काम करणाऱ्या कामगाराबद्दल, त्यातले कितीतरी बिहार-उत्तर प्रदेशातून आलेले, तुम्ही कुणाशीही बोला, उत्तर येते, 'त्यांना सवय असते.' ऊसतोडीला जाणाऱ्या अंबड-घनसावंगीकडच्या टोळ्यांबद्दलही हेच. खुरपणाऱ्या बायकांबद्दलही.

सवय होते, हे खरे आहे. उन्हात आठ-पंधरा दिवस काम केले की शरीर बदलते. घाम लवकर सुटतो, जास्त सुटतो, त्यातले मीठ कमी होते, रक्तातला पाण्याचा अंश वाढतो, नाडी जरा हळू चालते. पण यात काय वाढले ते नीट पाहा. घाम वाढला. सरावलेला माणूस नवख्यापेक्षा जास्त पाणी गमावतो, तासाला लिटर-दीड लिटरपर्यंत. म्हणजे सवयीने त्याची पाण्याची गरज वाढते. 'सवय आहे' या सबबीवर पाण्याची खेप आणि विश्रांती कमी करणे म्हणजे शरीराने जी तयारी केली तिचाच पाया काढून घेणे. शिवाय सरावाने उष्णता सहन करायची ताकद वाढते, मर्यादा उठत नाही. आणि सुटी काढून गावी गेलेला कामगार दोन-तीन आठवड्यांनी परत येतो तेव्हा सवय बरीचशी उतरलेली असते; मुकादम मात्र पहिल्या दिवसापासून तिच्याच भरवशावर असतो.

बैलाला हा युक्तिवाद कुणी लावला नाही. मराठवाड्यात औत पहाटे धरायचे आणि ऊन तापायच्या आत सोडायचे, ही जुनी रीत. सरकारनेही तिला नियमाचे रूप दिले. ओढकाम करणाऱ्या जनावरांसाठी १९६५ साली केंद्राने केलेल्या नियमांत लिहिले आहे की तापमान ३७ अंशांच्या वर असेल तिथे दुपारी १२ ते ३ या वेळात जनावर जुंपायचे नाही. दिवसात एकूण नऊ तासांहून जास्त नाही, सलग पाच तासांहून जास्त नाही. पाळला किती जातो हा भाग वेगळा, पण आकडा आहे, वेळ आहे. उघड्यावर राबणाऱ्या शेतमजुराच्या वाट्याला मात्र उन्हाळ्यात सूचना येतात: दुपारी बाहेर पडू नका, पाणी भरपूर प्या, सैल सुती कपडे घाला. ज्याचा दुपारचा वेळ दुसऱ्याने विकत घेतला आहे त्याला हे सांगण्यात काय हशील? कारखान्यांसाठी १९४८चा कायदा झाला, त्यात उन्हाळ्यात थंड पाण्याची सोय सक्तीची केली ती अडीचशेहून जास्त कामगार असतील तर. दोनशे चाळिसाव्या माणसाची तहान कायद्याला कोमट पाण्यानेही भागते असे वाटले असावे.

मध्य अमेरिकेत, एल साल्वाडोर आणि निकाराग्वात, मधुमेह वा रक्तदाब नसलेल्या तरुण ऊसतोड कामगारांची मूत्रपिंडे निकामी होऊ लागली. कारणांची चर्चा अजून मिटलेली नाही, पण बोट सगळ्यात आधी दाखवले जाते ते वर्षानुवर्षे तापलेल्या अंगाने, अपुऱ्या पाण्यावर केलेल्या जड कामाकडे. तिथे काही ठिकाणी उपाय म्हणून पाणी, विश्रांती आणि सावली हे तीन शब्द घेऊन कार्यक्रम सुरू झाले. रानात फिरता तंबू, ठरलेल्या अंतराने सक्तीची विश्रांती, प्रत्येकाजवळ पाणी. तिन्ही गोष्टी कातडीच्या बाहेरच्या आहेत.

आपल्याकडे हे अवघड का जाते, याचे उत्तर मजुरी मोजण्याच्या पद्धतीत आहे. ऊसतोडीचा कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. उचल आधीच घेतलेली, ती फेडायची टनावर. मार्चमध्ये फडात दहा मिनिटे टेकले तर ती दहा मिनिटे त्यांच्याच खिशातून जातात. तहान, दम, चक्कर या शरीराच्या खुणा असतात, थांब म्हणून सांगणाऱ्या. टनावरची मजुरी त्या खुणांवर रोज दंड बसवते. गाईने चारा कमी केला तर तिला कुणी मारून खायला लावत नाही. इथे थांबणारा माणूस स्वतःच स्वतःला उठवतो, आणि आपण त्याला कष्टाळू म्हणतो.

खर्चाचा मुद्दा निघेल म्हणून सांगतो. याच जिल्ह्यात दूधवाला शेतकरी कर्ज काढून गोठ्याला पंखे आणि फॉगर बसवतो, वैरण उन्हाच्या वेळेतून काढून पहाटे नि रात्री टाकतो. सरकारी प्रबोधनाची त्याला फारशी गरज पडत नाही. गाय दुपारी तापली तर दुसऱ्या सकाळी संकलन केंद्रावर मापात ते दिसते, आणि नुकसान त्याचे स्वतःचे असते. मजूर तापला तर त्या दिवशीचे टन बहुधा भरतात. मूत्रपिंडाची तपासणी दहा वर्षांनी होते, आणि तेव्हा तो कोणत्या फडात होता हे कुणी विचारत नाही. त्यामुळे तोडणीच्या दराचा पुढचा करार होईल तेव्हा टनाच्या भावाशेजारी एक ओळ मागायला हवी: उन्हाच्या महिन्यांत दुपारचे तीन तास बंद, त्यांची मजुरी दरातच धरलेली, आणि पाणी पोचवण्याची जबाबदारी कारखान्यावर. सळयांच्या कारखान्यात हाच नियम पाळीच्या लांबीला लावता येईल, मग तिथे कामगार अडीचशे असोत की चाळीस.